बिघाडात फोन करायचा नाही

सोमवार, ६ नोव्हेंबर

चिरंजीव फ्यूज यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझी खुशाली रविवारच्या फोनवर कळते, पण त्या फोनला तसा काही अर्थ नसतो. तू विचारतोस, "तब्येत कशी आहे?" तुझे बाबा सांगतात, "उत्तम." मग तुम्ही बापलेक हवामानावर बोलता, आणि फोन माझ्या हातात येईपर्यंत तुझी घाई सुरू झालेली असते. म्हणून कागद घेऊन बसले. एवढा मोठा साहेब झालास तरी फ्यूज म्हणते म्हणून रागावू नकोस. लहानपणी कशावरूनही फटकन उडायचास. नाव तुझ्या बाबांनी ठेवलं, मी फक्त चालू ठेवलंय.

हल्ली इथे रेडिओ स्टेशनशिवाय दुसरा विषय नाही. कोपऱ्यावरचा बेकरीवाला म्हणतो, मनोरा पाडून त्या मैदानात घरं बांधणार. न्हावी म्हणतो, संग्रहालय करणार, आणि तुझ्या बाबांना काचेच्या कपाटात बसवून खाली पाटी लावणार. व्हॉल्व्हकाका आठवतात ना, बाबांच्या पाळीत असायचे ते? त्यांच्याकडे तर नेहमीच आतली बातमी असते. गेल्या महिन्यात आतली बातमी होती की मीडियम वेव्ह बंद करून सगळं एफएमवर नेणार. या महिन्यात आतली बातमी आहे की नवं यंत्र येणार आणि आवाज मोबाइलमध्ये जाणार. मी म्हटलं, भावजी, तुमच्या आत नक्की किती जण बसलेत? तर हसले, पण मनापासून नाही.

कुणी काही बोललं की सगळे तुझ्या बाबांकडे बघतात. ज्यांनी उभं आयुष्य त्या मनोऱ्याखाली काढलं, त्यांना काहीतरी ठाऊक असणार असं लोकांना वाटतं. आणि हे तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात. फार खोदलं तर म्हणतात, "मुलगा मुख्यालयात आहे, पण ऑफिसातलं मी त्याला विचारत नाही." हे सांगताना ताठ होतात. विचारत नाही याचाही त्यांना अभिमान आहे. मी विचारते. तुझ्या कानावर काही असेल तर आईला सांग. मी कुणाला सांगणार नाही, बेकरीवाला सोडून.

आता खरी गंमत ऐक. गंमत कसली म्हणा. गेल्या गुरुवारपासून स्टेशनच बंद आहे. सकाळी यांनी नेहमीसारखा रेडिओ लावला तर नुसती खरखर. मी म्हटलं, सेल संपले असतील. तर मला शिकवलं: स्टेशन चालू असेल आणि बोलणारा गप्प असेल तर रेडिओही गप्प असतो. खरखर आली म्हणजे मनोऱ्यावरूनच काही निघत नाहीये. इतकी वर्षं संसार केला, पण हे काही मला ठाऊक नव्हतं. आपण मनोऱ्याजवळच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा तुला तर कुंपणाच्या तारेतून बाजारभाव ऐकू यायचे. आठवतं? त्या तारेवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले की मला विजेचे चिमटे बसायचे आणि तू टाळ्या पिटायचास.

तर बिघाड झालाय म्हणून हे दिवसभर रेडिओ लावून बसतात, खरखर ऐकत. परत सुरू झालं की तो पहिला क्षण चुकायला नको म्हणे. घरात एरवी रेडिओवरच्या त्या बातम्यांच्या बाईचा आवाज नसता तर बरं, असं मी कितीदा म्हटलंय. पण खरखरीपेक्षा ती बरी. भाजी चिरताना बातम्या नसल्या की हात थांबतो, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, स्टेशनला फोन करून विचारा तरी. तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी चोरी करायला सांगितली. आपल्या घरातला नियम तू विसरला नसशील. बिघाडात फोन करायचा नाही. आत माणसं काम करत असतात. हा नियम का आला तेही तुला ठाऊक आहे. यांच्या तरुणपणी एकदा असंच सगळं ठप्प झालं होतं आणि फोन वाजत सुटला होता. एक जण फोन घ्यायला घाईने वळला आणि त्याचा हात नको तिथे टेकला. माणूस वाचला, हात गेला. तेव्हापासून बिघाडात आपल्या घरून फोन जात नाही. तू जन्मलास त्या दिवशीही मनोरा बंद पडला होता, आणि मी कळा सोसत शेजारणीबरोबर इस्पितळात गेले, पण फोन केला नाही. हे आले ते तू अंघोळ करून झोपल्यावर.

बेकरीवाला काल तक्रार करणारच होता. आजकाल तक्रारीसाठी वेगळा नंबर आहे, रेडिओवर सांगायचे. यांनी त्याच्या दुकानात जाऊन त्याला थांबवलं. रेडिओ दुरुस्तीवाल्याला सांगितलं, व्हॉल्व्हकाकांना सांगितलं, न्हाव्याकडे रांगेत बसलेल्यांनासुद्धा सांगितलं: "पोरं लागलेली असतील कामाला. धीर धरा." आणि लोक ऐकतात रे यांचं.

उद्यापर्यंत सुरू झालं नाही तर स्वतः जाऊन बघतो म्हणतात. हत्यारांची पिशवी काढून ठेवली आहे. या वयात तिथे कोण यांना हात लावू देणार? पण मी अडवलं नाही. घरात बसून खरखर ऐकण्यापेक्षा चार पावलं चालतील तर बरंच.

जेवणाकडे लक्ष दे. सूनबाईला आशीर्वाद.

तुझी,
आई


सोमवार, २७ नोव्हेंबर

चिरंजीव यास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. तुझं पत्र आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. थंडी वाढली आहे. खालच्या मजल्यावरच्या लोकांनी नवा पडदा लावला, भडक आहे. स्टेशन परत सुरू झालं, ते तुला माझ्याआधी कळलं असणारच.

दुरुस्तीवाल्याकडे गेले होते. त्याचं दुकान बघायला हवं होतंस. फळीवर, टेबलावर, जमिनीवर, सगळीकडे रेडिओ. त्या बंद आठवड्यात लोकांनी आणून टाकलेले. कुणी सेल बदलून पाहिले होते, कुणी तार ओढून खिडकीबाहेर टाकली होती, एका आजींनी तर रेडिओ उन्हात ठेवला होता, ओल गेली तर बोलेल म्हणून. एकाही रेडिओत काही बिघडलेलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, आपलाच जुना झाला. स्टेशन बंद पडेल असं त्यांच्या डोक्यातच आलं नाही रे. सूर्य उगवला नाही तर माणूस आधी स्वतःचेच डोळे चोळेल, तसं. दुरुस्तीवाला म्हणाला, "काकू, सगळ्यांना फुकट परत देतोय. कशाचे पैसे घेऊ?"

हे तुला का सांगते आहे ते तुला कळलं असेल. नसेल तर पुढे कळेल.

मी या पत्रात बरंच इकडचं तिकडचं लिहिणार होते. पडद्याचं लिहून झालं. आता आणखी काही सुचत नाही.

तुझे बाबा गेले होते मनोऱ्याकडे. मंगळवारीच, सकाळी. बसने गेले, पिशवी घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. फाटकावरच्या पहारेकऱ्याने ओळखलं, सलाम ठोकला, पण आत सोडेना. शेवटी पाळीवरची इंजिनिअर बाहेर आली. लहान मुलगी आहे, यांच्या शेवटच्या वर्षी नोकरीला लागलेली. हे म्हणाले, "बाळ, काय झालंय? ट्रान्समीटरच्या फायनल स्टेजला काही आहे का? मी आत येत नाही, तू नुसतं सांग, मी इथूनच काही सुचवतो." ती म्हणाली, "सर, काही बिघडलेलं नाही." आणि रडायलाच लागली. मग कळलं. वरून आदेश होता. न सांगता आठवडाभर बंद ठेवायचं आणि तक्रारीच्या नंबरवर किती फोन येतात ते मोजायचं. ऐकणारे उरलेत की नाही, ते त्यावरून ठरणार. कुणाला सांगायची बंदी होती. आणि मग त्या बिचारीच्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला घरून कळलं असेल असं वाटलं, सर. ही पद्धत तर तुमच्या मुलानेच सुचवलेली."

फाटकावर कोण काय बोललं ते नंतर त्या मुलीनेच घरी येऊन मला सांगितलं. यांनी तिला एकच प्रश्न विचारला होता: "आतला हीटर चालू ठेवलाय ना? थंडी आहे. बंद यंत्रात ओल धरते." ती हो म्हणाली. मग हे बसथांब्याकडे निघाले.

घरी आले, बूट काढले, ते नीट जागेवर ठेवले. म्हणाले, "बिघाड नाहीये. बंद केलंय." चहा मागितला. चहा घेताना मला तुझ्या चाचणीचं सांगितलं, अगदी शांतपणे, कुणा दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसं. म्हणाले, "पोराने डोकं चालवलंय. लोकांना विचारलं तर सगळे म्हणतात, हो हो, आम्ही ऐकतो. त्यापेक्षा बंद करायचं आणि कोण विचारतं ते बघायचं. मला सुचलं नसतं." मला वाटलं ते चिडतील. माझीच चिडचिड झाली होती, ते चिडले असते तर मला सोबत झाली असती.

मग जरा वेळाने विचारलं, "अगं, किती फोन आले असतील?"

मी म्हटलं, "मला काय माहीत."

"एकही नाही. मीच तर सगळ्यांना करू नका म्हणून सांगत फिरलो."

फ्यूज, हे वाक्य बोलतानाचा त्यांचा चेहरा मला विसरता येत नाही. मी फोन उचलून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, अजून आठवडा संपलेला नाही, आत्ता करा, बेकरीवाल्याला सांगा, व्हॉल्व्हकाकांना सांगा, दुपारपर्यंत फोनचा पाऊस पडेल. त्यांनी नंबर लावलाही. मग ठेवून दिला. म्हणाले, "आता मला माहीत आहे. माहीत असून केलेली तक्रार खोटी. पोराची चाचणी मी बिघडवणार नाही." मी खूप भांडले. म्हटलं, तुमच्या या खरेपणाने आजवर कुणाचं भलं झालंय? ते म्हणाले, "मोजमाप आहे गं ते. त्यात हात घालायचा नसतो."

मला गणित कळत नाही. पण इतकं कळतं की तुझ्या मोजमापात तुझे बाबा शून्य भरले. ज्यांना सगळ्यात जास्त चटका बसला ते सगळ्यात गप्प बसले, कारण त्यांना आतल्या माणसांची काळजी होती. हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या आलं नसतं तर मी समजून घेतलं असतं. तू त्या घरात वाढलास.

झालं, बोलले. आता उरलेलंही लिहून टाकते.

वर पहिल्या ओळीत "बरे आहोत" लिहिलंय ते खरं नाही. सवयीने लिहिलं गेलं. खोडलं नाही, कारण खाडाखोड दिसली की तू आधी घाबरशील आणि मग वाचशील. तुझे बाबा मनोऱ्यावरून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठायला गेले आणि पलंगाच्या कडेला बसूनच राहिले. मी म्हटलं, अहो, उठा. तर म्हणाले, "डावा पाय कुठे गेला?" थट्टा करतायत असं वाटलं मला. थट्टा नव्हती. डाव्या अंगावरून वारं गेलंय. हात उचलत नाही, पाय ओढतो, तोंड जरा वाकडं झालंय. बोलतात, पण जिभेत खडा असल्यासारखं. इस्पितळात होते, आता घरी आणलंय. डॉक्टर म्हणतात, हळूहळू येईल. किती येईल ते सांगत नाहीत.

तुला फोन का केला नाही, हे तू विचारशील. मी करणारच होते. त्या सकाळीच, शेजारचे लोक यांना खाली नेत असताना फोन माझ्या हातात होता. यांनी बघितलं. आणि त्या वाकड्या तोंडाने, एकेक शब्द गोळा करत मला म्हणाले, "फोन... करू नकोस. तो... कामात असेल."

त्यानंतर तुझे तीन रविवार येऊन गेले. तू विचारलंस, "बाबा?" मी म्हटलं, झोपलेत. बाहेर गेलेत. न्हाव्याकडे बसलेत. हे पलंगावरून माझ्याकडे बघत असायचे, आणि मी खोटं बोलले की मान हलवायचे, शाबास म्हणून. तू एकदाही म्हणाला नाहीस की उठवा त्यांना. आता मला कळतं, तुलाही त्यांच्याशी बोलायचं नव्हतं. तुझ्याही मनाला काही लागलं असेल. नसेल तर मग मी तुला ओळखत नाही.

पत्र लिहू नकोस असं मात्र ते म्हणालेले नाहीत. म्हणून लिहिते आहे.

इस्पितळातून घरी आणलं त्याच दिवशी मी रेडिओ त्यांच्या उशाशी नेऊन लावला. ती बाई बोलायला लागली, तीच, हवामान, बाजारभाव. मला तर भरूनच आलं. सगळी कामं टाकून मी उभी राहिले. त्यांनी थोडा वेळ ऐकलं. मग उजवा हात पुढे करून बटण चाचपलं आणि बंद केला. मी म्हटलं, अहो, सुरू झालंय ना आता! तर म्हणाले, "सवय... करून घेतो."

तेव्हापासून घरात रेडिओ लागलेला नाही. शेजाऱ्यांकडून भिंतीतून कधी आवाज आला तर डोळे मिटून घेतात. खाणं कमी झालंय. डॉक्टर म्हणतात, औषधापेक्षा उमेद हवी. मी म्हटलं, तेवढी दुकानात मिळत नाही.

ती इंजिनिअर मुलगी अधूनमधून येते, त्यांच्या हाताला व्यायाम देते. तिच्याकडून कळलं की तुझा अहवाल या महिन्याअखेर जायचा आहे. बाहेर तर्क चालूच आहेत. व्हॉल्व्हकाका म्हणतात, जुनं स्टेशन आहे, वारसा म्हणून ठेवतील. बेकरीवाला म्हणतो, लेखी निवेदन देऊ, सह्या गोळा करू. मला सगळे विचारतात, तुमच्या मुलाला सांगा ना. मी काही सांगत नाही. तसं बघितलं तर त्या स्टेशनशी माझं कधी पटलंच नाही. सवतच ती माझी. रात्रपाळ्या तिच्या, सणसमारंभ तिचे, आणि उरलेसुरले तुझे बाबा माझे. ती गेली तर मी गळा काढेन असं समजू नकोस.

काल मी यांना सांगितलं, मुलाला पत्र लिहिते आहे, तुमचा काही निरोप? मग म्हणाले, "त्याला लिही... आकडा बदलू नकोस. आलेत तेवढेच... लिही." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "माझं काही... कळवू नकोस."

पहिला निरोप पोचवला. दुसरा मोडला. लग्नानंतर त्यांचा मोडलेला हा पहिलाच शब्द असेल. आकडा बदलू नकोस. शून्य आला असेल तर शून्य लिही. स्टेशन बंद करायचं असेल तर बंद कर, तो तुझ्या ऑफिसचा प्रश्न आहे, आणि कदाचित तुझंच बरोबर असेल. पण अहवाल देऊन झाला की घरी ये. अहवाल द्यायच्या आधी आलास तरी चालेल. त्यांची माफी मागायला म्हणून येऊ नकोस, त्यांना ते झेपणार नाही. ते उलट तुझंच कौतुक करतील आणि तुला ते झेपणार नाही. नुसता येऊन बस. डाव्या बाजूला बसू नकोस, तिकडचं त्यांच्या लक्षात येत नाही. उजवीकडे खुर्ची ठेवली आहे मी. हवामानावर बोललास तरी चालेल.

तू विचारशील, आई, तू एवढे दिवस एका शब्दाने बोलली का नाहीस. काय सांगू? तू शाळा संपवून शहरात गेलास तेव्हा बोलले नाही. वर्षातून एकदा यायला लागलास तेव्हा बोलले नाही. आत तुझं काम चाललं असेल, म्हटलं. तूही कधी मोजून बघितलं नसशील. बघितलं असतंस तर तुला तिथेही शून्यच मिळालं असतं.

आजवर एकही तक्रार न केलेली,
तुझी आई